पागडी आणि अकरा महिने

गिरगावातल्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब महिन्याला तीन-चारशे रुपये भाडं भरतं. त्याच गल्लीत समोर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नव्याने आलेलं जोडपं चाळीस हजार मोजतं आणि तेही वेळेवर मोजतं. चाळीतल्या आजोबांना बाहेर काढायचं ठरवलं तर मालकाची उरलेली हयात धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाईल. टॉवरमधल्या जोडप्याला मात्र पुढच्या जूनमध्ये घर खाली करायला सांगायचं तर व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज पुरतो. दोघांनाही कायदा एकच लागू आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. एकाला त्याने डोक्यावर बसवलं आहे आणि दुसऱ्याची त्याने साधी चौकशीही केलेली नाही.

मुंबईत भाड्याचा विषय निघाला की लोक आपापल्या बाजूचा भाडेकरू डोळ्यासमोर आणतात. मालकांना पागडीवाला दिसतो, चहाच्या दोन कपांइतक्या भाड्यात दक्षिण मुंबईत राहणारा. घर शोधणाऱ्यांना दिसतो तो स्वतः, डिपॉझिटचे लाख रुपये हातात धरून एजंटाच्या मागे फिरणारा. दोन्ही चित्रं खरी आहेत. माझं म्हणणं इतकंच की कायद्याने संरक्षण गरज पाहून दिलंच नाही, तारीख पाहून दिलं. तुमचे आजोबा कोणत्या साली कोणत्या खोलीत शिरले, त्यावर तुमचा आजचा हक्क ठरतो.

भाड्याला लगाम घालणं हे स्वातंत्र्यानंतरच्या समाजवादाचं खूळ आहे अशी एक लाडकी समजूत आहे. प्रत्यक्षात मुंबईत हा लगाम घातला ब्रिटिशांनी. पहिल्या महायुद्धात गिरण्या जोरात होत्या, माणसं येत होती, बांधकाम मात्र थंडावलं होतं. भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये सरकारने भाडेनिर्बंधाचा कायदा केला आणि त्याच्या नावातच युद्धकाळाचा उल्लेख होता. युद्ध संपलं आणि पुढच्या दशकात तो कायदाही मावळला. दुसऱ्या महायुद्धात १९३९ आणि १९४४ मध्ये पुन्हा कायदे झाले, आणि मग आला १९४७ चा मुंबई भाडे कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला, फाळणीनंतरचे निर्वासित शहरात उतरत होते तेव्हा. तोही मुदतीचाच होता. पण मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवायचं, आणि असं करत करत तो पन्नास वर्षं टिकला.

त्या कायद्याने एक तारीख खुंटी ठोकल्यासारखी पक्की केली, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं, ते तिचं प्रमाण भाडं. नंतर बांधलेली जागा पहिल्यांदा ज्या भाड्याने दिली ते. त्यापलीकडे मालकाने वाढ मागायची तर कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठीच, म्हणजे पालिकेचा कर वाढला, जागेत सुधारणा केली, असं काही. कापूस महागला, सोनं महागलं, गवंड्याची मजुरी महागली, खोलीचं भाडं तिथेच राहिलं.

भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरू हलवता येत नाही, पण खोलीला मागणी तर आहे. मग पैशाने दुसरी वाट काढली. खोलीत शिरतानाच मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, तीच पागडी. भाडेकरूला पुढे जायचं असलं की तो नवा माणूस शोधतो, त्याच्याकडून बाजारभावाच्या आसपास रक्कम घेतो आणि त्यातला हिस्सा मालकाला देतो. हा हिस्सा साधारण एक तृतीयांश धरला जातो, पण घासाघीस प्रत्येक खोलीमागे वेगळी होते. त्या बदल्यात मालक पावती नव्या माणसाच्या नावावर करतो. १९४७ च्या कायद्यात अशी रक्कम घेणं गुन्हा होता. तरी सगळं शहर हा व्यवहार करत होतं, वकील, डॉक्टर, न्यायालयातले कारकून, सगळे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने शेवटी हा व्यवहार वैध केला. इतकी वर्षं गुन्हा असलेली गोष्ट एका कलमाने चोख झाली. कायदा लोकांच्या मागून चालत जातो याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

पागडीच्या घरात सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती? तिजोरीतले दागिने नव्हेत. ती खाकी फाईल. पिढ्यान्‌पिढ्या कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. आत पन्नाशीच्या दशकातल्या भाडेपावत्या, रेव्हेन्यू स्टॅम्पवर मारलेली तिरकी सही, मालकाच्या मुनीमाचं वळणदार अक्षर. मधे पावतीवरचं नाव बदललेलं असतं, आजोबांच्या नावाच्या आधी कैलासवासी लागलेलं. त्याच फाईलमध्ये मनिऑर्डरचे जुने फॉर्म सापडतात, ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा मारलेले. घरमालक भाडं घ्यायला नकार द्यायचा, म्हणजे उद्या थकबाकीदार म्हणून दावा लावता येईल. हुशार भाडेकरू मग दर महिन्याला तीच रक्कम मनिऑर्डरने पाठवायचा आणि परत आलेला कागद जपून ठेवायचा. न्यायालयात त्या कागदाला नोटेपेक्षा जास्त किंमत होती. आजच्या कायद्यातही भाड्यापोटी घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. थकबाकी असली तरी थेट बाहेर काढता येत नाही. आधी नोटीस, तिच्यानंतर नव्वद दिवस, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने पंधरा टक्के सरळ व्याजासह थकबाकी आणि दाव्याचा खर्च भरला, तर खोली वाचते.

फाईलमधलं आणखी एक पान म्हणजे विजेचं बिल. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ताबा मागता येतो. म्हणून डोंबिवलीला किंवा विरारला मोठं घर घेतलेला मुलगा दर पंधरवड्याला गिरगावात येतो, खोली उघडतो, पंखा लावून तासभर बसतो. मालकाचा वकील त्याच मीटरची बिलं मागवतो आणि न्यायाधीशांसमोर मांडतो, पाहा, महिन्याला किती युनिट जळतात. मुंबईतल्या कितीतरी बंद खोल्या अशा पंख्याच्या जोरावर भाडेकरूच्या ताब्यात आहेत. वारसाचाही प्रश्न असतोच. मूळ भाडेकरू गेला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो. मृत्युपत्र करून परक्याला तो देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे रेशनकार्डावर कोणाचं नाव आहे यावरून भावाभावांत उभी फूट पडलेली घरं गिरणगावात कमी नाहीत.

आता घरमालकाची बाजू. मालक म्हणजे मिशीवाला सावकार हे चित्र सिनेमाने रुजवलं. प्रत्यक्षात पुष्कळ इमारती ट्रस्टच्या, देवस्थानांच्या, किंवा दहा वारसांत वाटल्या गेलेल्या. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. २००० साली शंभर रुपये भाडं असलेली खोली घ्या. मालकाने पंचवीस वर्षं एकही वर्ष न चुकता वाढ लावली, तरी आज भाडं २६७ रुपयांच्या आत. वीस खोल्यांच्या इमारतीचे महिन्याला साडेपाच हजारसुद्धा होत नाहीत. त्यात वॉचमनचा पगार सुटत नाही, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग कुठून करणार? कायदा मात्र म्हणतो की इमारत राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे.

मालक दुरुस्ती करणार नाही हे सरकारला फार लवकर कळलं होतं. १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, इमारतींवर उपकर बसला, दुरुस्ती मंडळ आलं, जे पुढे म्हाडात सामावलं गेलं. लोकांच्या तोंडी ते आजही रिपेअर बोर्डच आहे. सुरुवातीला उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांच्या वर होत्या. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’मध्ये, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’मध्ये. पुन्हा तारखाच. दर मेमध्ये म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, नोटिसा लागतात, आणि बहुतेक रहिवासी हलत नाहीत. हलायचं कुठे? संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुलं तिथेच लग्नाची झाली, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खोली सोडली तर फाईलचा हक्क जाईल ही भीती वेगळीच. म्हणून माणसं टेकू लावलेल्या जिन्याने वरखाली करत राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजाराजवळच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. पडलेला भाग कोणाच्या जबाबदारीतला यावर ढिगारा उपसणं चालू असतानाच वाद सुरू झाला.

यावर काढलेला एक तोडगा वाचकांना ठाऊक असायला हवा, कारण त्यातून देशाच्या घटनेवरचा एक मोठा निकाल निघाला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं गेलं. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर सरकार इमारत ताब्यात घेऊन त्यांना देणार, आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. खोलीचं भाडं शंभर असेल तर खोलीमागे दहा हजार, जमिनीसकट. मालकांची संघटना उच्च न्यायालयात हरली, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण मोठमोठ्या पीठांकडे सरकत गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मधल्या बत्तीस वर्षांत इमारती जुन्या होत राहिल्या.

प्रमाण भाड्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी कान उपटले होते. १९४० ची पातळी गोठवून ठेवणारी तरतूद एकेकाळी वाजवी होती, काळ बदलल्यावर ती अवाजवी झाली, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती, म्हणून तो रद्द ठरवला नाही. राज्याने थोडी मुदतवाढ घेतली, नवा कायदा केला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. विदर्भ आणि मराठवाड्यातले जुने वेगळे कायदेही त्यात विलीन झाले. चार टक्क्यांची वाढ आली, आणि बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांच्या डोक्यावरचं छत्र काढून घेतलं. हे योग्यच झालं. फोर्टातल्या बड्या कंपनीने विधवेच्या इमारतीत नाममात्र भाड्यात बसावं, यात न्याय कसला? पण याच तर्काने मोठ्या आकाराची घरं आणि दुकानं कायद्यातून वगळण्याचा विचार २०१६ च्या सुमारास पुढे आला, तेव्हा भाडेकरूंनी गदारोळ केला आणि प्रस्ताव गुंडाळला गेला. पालिकेची निवडणूक तोंडावर होती. पागडीचा मतदार एकगठ्ठा आहे, त्याचं नाव यादीत तीन पिढ्या एकाच पत्त्यावर आहे.

टॉवरमधल्या जोडप्याचं नाव यादीत गावाकडे असतं. त्यांची गोष्ट सुरू होते १९७३ मध्ये. भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटायला मालकांनी भाड्याने द्यायचंच सोडलं होतं. ते ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा द्यायचे, म्हणजे वापरायची परवानगी दिली, भाडेकरू नव्हे. सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा परवाना चालू असलेल्या प्रत्येकाला भाडेकरू मानलं. एका तारखेत परवानगीवाले कायमचे झाले. ज्या मध्यमवर्गीयाने बदलीच्या काळात फ्लॅट दोन वर्षांपुरता दिला होता, त्याचा फ्लॅट गेला. ती धास्ती मुंबई-पुण्याच्या घरमालकांच्या हाडात मुरली आहे. ज्यांचा जन्म त्यानंतरचा, तेही म्हणतात, ‘भाड्याने दिलं की गेलं.’ आर्थिक सर्वेक्षणानुसार देशाच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये २८ टक्के उरलं. याला कारणं अनेक, पण कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट हे मुंबईचं खास दृश्य आहे.

ही धास्ती घालवायला १९९९ च्या कायद्याने काटा पार दुसऱ्या टोकाला नेला. कलम २४ प्रमाणे परवान्याची मुदत संपली की घर खाली करायचं. नाही केलं तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं, आणि मुदत संपल्यापासूनचं भाडं दुप्पट दराने वसूल होतं. लेखी करारात जे लिहिलंय तेच निर्णायक. चार टक्क्यांची मर्यादा परवानाधारकाला नाही. डिपॉझिट किती घ्यायचं यावर मर्यादा नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण मागायचा हक्क नाही. म्हणजे पागडीवाल्याला जे सगळं आहे, त्यातलं एकही याला नाही.

करार नोंदवण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. रात्री नऊच्या सुमारास एजंटाचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आधार क्रमांक टाकतो, मालकाचा अंगठा, तुमचा अंगठा, दोन साक्षीदारांचे. आजीचं बोट झिजलेलं असलं की यंत्र नकार देतं, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. पडद्यावर वीस पानं सरकतात, ती कोणी वाचत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी शुल्क शहरात हजार रुपये, आणि या सगळ्यापेक्षा एजंटाचं मानधन मोठं, सहसा एक महिन्याचं भाडं. करार अकरा महिन्यांचा. हा अकराचा आकडा आला एक वर्षाहून कमी मुदतीच्या कराराला नोंदणी नको या जुन्या समजुतीतून. महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बंद झाली. इथे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. परवानाधारकाच्या बाजूने कायद्यात असलेलं हे जवळजवळ एकमेव हत्यार, आणि ते वापरणारा भाडेकरू मला तरी भेटलेला नाही. वीज-पाणी तोडता येत नाही ही तरतूद आहे, तीही लोकांना ठाऊक नसते. अकराचा आकडा मात्र राहिला, बावीस आणि तेहतीस महिन्यांच्या करारातही तोच गुणाकार.

पुण्यात याच्या खालची आणखी एक पायरी आहे. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं, लेखी काही नाही. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे हा अलिखित रिवाज. मीही विद्यार्थीदशेत असा रंग एका भिंतीसाठी भरला आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच भिंतीसाठी दुसऱ्या मुलाने भरला. मुंबईच्या उपनगरांत ‘हेवी डिपॉझिट’ चालतं. पाच-दहा लाख एकदम द्यायचे, भाडं नाही किंवा नावापुरतं. यात फसवणुकीचा ठरलेला प्रकार असा, मधला माणूस मालकाकडून घर साध्या भाड्यावर घेतो, स्वतः हेवी डिपॉझिट घेऊन दुसऱ्याला देतो, आणि काही महिन्यांत फोन बंद. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे. पण तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. आणि भाडं किती वाढावं, किती वर्षं राहता यावं, हे त्यानेही करारावरच सोडलं आहे. पाच वर्षांची खात्री आणि महागाईच्या हिशेबाने वाढ, एवढं जरी मिळालं तरी मूल शाळेत घालताना आईबापांच्या पोटात गोळा येणार नाही. मालकालाही घर परत मिळण्याची हमी राहील. आमच्याकडे मात्र एक तर कायमचा कब्जा, नाहीतर अकरा महिने.

हे सगळं झालं घर मिळाल्यावर. फोनवर एजंट आधी नाव विचारतो, मग आडनाव. मग ‘फॅमिली आहे ना?’ मग ‘नॉनव्हेज?’ मालाडपासून मुलुंडपर्यंत ही प्रश्नपत्रिका एकच. एकट्या मुलीला सोसायटीचे सेक्रेटरी येण्या-जाण्याच्या वेळा सांगतात. सोसायटीला खरं तर तो अधिकार नाही. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना परवानगी लागत नाही, आगाऊ कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. आडनावाचं काय? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच तऱ्हेच्या घरासाठी वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली. सगळ्यात जास्त नकार मुस्लिम नावांना, त्याखालोखाल दलित नावांना. मुंबईत घर शोधलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

कायदा याबद्दल अगदीच मुका आहे असंही नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ अस्पृश्यतेच्या कारणावरून घरात राहू न देणं गुन्हा ठरवतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा, दोन्ही घर भाड्याने नाकारायला मनाई करतात. म्हणजे संसदेला ही कल्पना परकी नाही. पण धर्म, आहार, अविवाहित असणं, यावरून खासगी मालकाने घर नाकारलं तर अशी सरळ मनाई कुठे नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू दिलं.

भाडे कायद्याकडे जावं, तर लघुवाद न्यायालय मालक आणि भाडेकरू, किंवा परवाना देणारा आणि घेणारा, यांच्यातले वाद ऐकतं. ज्याला घरच दिलं नाही तो यातला कोणीच ठरत नाही, त्याचा दावा दाखल तरी कुठल्या सदरात करणार? नकार लेखी कधी येत नाही. ‘कालच गेला हो फ्लॅट,’ असं एजंट सांगतो, आणि आठवडाभराने तीच जाहिरात त्याच फोटोंसह पुन्हा दिसते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर पुष्कळ मुस्लिम कुटुंबं मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. त्यांच्या मुलांना आजही अंधेरीत, दादरला नोकरी मिळते, पगारही बरा असतो, आणि घर शोधायला निघाल्यावर एजंट त्यांना सगळ्यात आधी विचारतात, ‘मुंब्र्याला का बघत नाही?’